सर्व्हो अॅम्प्लिफायर बदलायचाय? आधी भाषा जुळवा, मग अँपिअर

चालू कामात सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारं, मशीन थांबतं. स्क्रीनवर अलार्म येतो, पॅनलचं दार उघडलं की एका सर्व्हो अॅम्प्लिफायरवर, म्हणजे अक्ष हलवणाऱ्या मोटरला मोजून वीज देणाऱ्या डब्यावर (यालाच ड्राइव्हही म्हणतात), लाल आकडा चमकत असतो. दहा मिनिटांत नेमप्लेटचा फोटो निघतो आणि पुरवठादाराला पहिला प्रश्न जातो: "ऐंशी अँपिअरचा ड्राइव्ह आहे का?"

अँपिअर महत्त्वाचे आहेतच, पण बदली अॅम्प्लिफायर निवडताना ते सगळ्यात शेवटी बघायचे असतात असं माझं ठाम मत आहे. त्याआधी दोन गोष्टी बघायच्या. हा डबा मशीनच्या कंट्रोलरशी कोणत्या भाषेत बोलतो? आणि मोटरच्या मागे बसलेल्या एन्कोडरचं, म्हणजे मोटर किती फिरली ते सांगणाऱ्या सेन्सरचं, त्याला कळतं का? भाषा चुकली तर कितीही ताकदीचा ड्राइव्ह पॅनलमध्ये नुसता अलार्म दाखवत बसतो.

आत नेमकं काय चालतं ते आधी पाहू, कारण निवडीचे सगळे नियम तिथूनच निघतात.

थ्री-फेज वीज आत येते, डायोडच्या ब्रिजमधून जाते आणि तिची डीसी होते. २०० व्होल्टच्या सप्लायवर ही डीसी साधारण २८३ व्होल्ट भरते, ४०० व्होल्टच्या सप्लायवर ५६५ च्या आसपास. मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये ती साठवलेली असते. तिला डीसी लिंक म्हणतात. पुढे सहा आयजीबीटी, म्हणजे अतिशय वेगाने उघडझाप करणारे स्विच, ही डीसी सेकंदाला हजारो वेळा कापून मोटरच्या यू, व्ही, डब्ल्यू या तीन वायरींवर सोडतात. कुठला स्विच किती वेळ चालू ठेवायचा यावर मोटरचा जोर आणि वेग ठरतो.

ते ठरवतो कोण? इथे एकात एक बसलेले तीन लूप काम करतात. सगळ्यात बाहेरचा पोझिशन लूप बघतो की टेबल हव्या त्या जागेपासून किती मागे आहे, आणि त्यावरून किती वेगाने जायचं ते सांगतो. मधला व्हेलॉसिटी लूप तो वेग गाठायला किती जोर लागेल ते काढतो. सगळ्यात आतला करंट लूप तेवढा जोर येण्यासाठी मोटरमध्ये किती करंट सोडायचा ते सांभाळतो. बाहेरून आत जाऊ तसा प्रत्येक लूप आधीच्यापेक्षा चपळ असतो.

हे तिन्ही लूप प्रत्येक मशीनमध्ये असतात, मात्र ते कुठे बसलेत हे पिढीनुसार बदलतं.

जुन्या अॅनालॉग मशीनमध्ये फक्त पोझिशन लूप कंट्रोलरमध्ये असतो. कंट्रोलर उणे १० ते अधिक १० व्होल्टचा सिग्नल पाठवतो, त्याचा अर्थ "इतक्या वेगाने या दिशेला फिर". बाकीचे दोन लूप ड्राइव्हमध्ये, आणि वेग कळण्यासाठी मोटरवर टॅकोजनरेटर. अशा ड्राइव्हची सगळी जुळवणी त्याच्या बोर्डावरच्या छोट्या पॉटमध्ये, म्हणजे फिरवायच्या स्क्रूमध्ये असते.

फानुक या कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीच्या डिजिटल पद्धतीत याच्या उलट आहे. तिन्ही लूपचं गणित कंट्रोलर स्वतः करतो. अॅम्प्लिफायर म्हणजे निव्वळ स्नायू. आयजीबीटी कधी उघडायचे हेसुद्धा त्याला वरून सांगितलं जातं. म्हणून त्याच्यात मोटरची माहिती भरलेली नसते आणि जुळणारा बदली भाग बसवला की तो सहसा लगेच कामाला लागतो.

तिसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ यास्कावाच्या सिग्मा किंवा मित्सुबिशीच्या एमआर-जे मालिकेत, ड्राइव्ह स्वतः हुशार असतो. मोटरचे गुणधर्म, गेन, गिअर रेशो असं सगळं त्याच्याच मेमरीत. असा ड्राइव्ह जळाला की सेटिंगही त्याच्यासोबत जातं. तुमचं मशीन यांतल्या कोणत्या प्रकारचं आहे हे माहीत नसताना खरेदीला लागणं धोक्याचं आहे.

पण थांबा. अॅम्प्लिफायरच गेलाय याची खात्री झाली का? बदललेला नवा ड्राइव्ह पहिल्याच दिवशी फुटतो तेव्हा बहुतेकदा खरा गुन्हेगार मोटर किंवा केबल असते. कूलंट वीज वाहून नेतो. मोटर गरम होते, थंड होते, आणि थंड होताना सैल कनेक्टरमधून ओलावा आत ओढून घेते. वाइंडिंगचं इन्सुलेशन हळूहळू उतरतं, एक दिवस ओव्हरकरंटचा अलार्म येतो आणि दोष ड्राइव्हच्या माथी जातो.

म्हणून पहिलं काम मेगरचं, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरचं. मोटरची पॉवर केबल ड्राइव्हकडून सोडवायची आणि ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक फेज आणि अर्थ यांच्यातला रेझिस्टन्स मोजायचा. १०० मेगाओहमच्या वर असेल तर मोटर चांगली. १० ते १०० मध्ये असेल तर झीज सुरू झालेली. १ ते १० असेल तर मोटर थकली आहे, आणि एकाच्या खाली असेल तर ती मोटर नव्या ड्राइव्हला लावूच नका. आकडा कमी आला तर केबल मोटरच्या टोकालाही सोडवून दोघांना वेगवेगळं मोजा. दोष नुसत्या केबलमध्ये असतो असं पुष्कळदा आढळतं. एक ताकीद मात्र पाळायचीच: मेगर ड्राइव्हच्या टर्मिनलला किंवा एन्कोडरच्या वायरींना कधीही लावायचा नाही. आतली इलेक्ट्रॉनिक्स त्या व्होल्टेजला टिकत नाही.

मोटर आणि केबल निर्दोष निघाल्या की अदलाबदल करून बघता येतं. दोन अक्षांना अगदी एकाच नंबरचे अॅम्प्लिफायर असतील तर ते एकमेकांच्या जागी लावायचे. अलार्म अॅम्प्लिफायरसोबत दुसऱ्या अक्षावर गेला तर दोषी तो. अलार्म जागचा हलला नाही तर दोष मोटर, एन्कोडर, केबल किंवा कंट्रोलरच्या बाजूला. हा क्रम उलटा करू नये. मेगर न लावता अदलाबदल केली आणि मोटर शॉर्ट असली तर चांगला अॅम्प्लिफायरही हातचा जातो.

मल्टिमीटरची डायोड रेंज वापरून आयजीबीटीची परीक्षाही घेता येते. डीसी लिंक पूर्ण रिकामी झाल्याची खात्री करून यू, व्ही, डब्ल्यूपासून डीसीच्या अधिक आणि उणे टोकापर्यंत मोजायचं. एका दिशेने डायोडचा ड्रॉप, साधारण ०.३ ते ०.५ व्होल्ट, दिसला पाहिजे, उलट दिशेने काही नाही. सहाही मापं एकसारखी हवीत. एक जरी शून्यावर बसलं तरी तो स्विच शॉर्ट झालाय आणि आता शंका उरली नाही.

अलार्मचा आकडाही नीट वाचा. फानुकच्या अल्फा मालिकेच्या सर्व्हो मॉड्यूलवर (म्हणजे अॅम्प्लिफायरवर) ८, ९ किंवा ए दिसलं तर अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या अक्षाचा ओव्हरकरंट. ५ म्हणजे डीसी लिंकचं व्होल्टेज पडलंय, आणि त्याचं मूळ बहुधा शेजारच्या पॉवर सप्लाय मॉड्यूलमध्ये किंवा त्याच्या मागच्या कॉन्टॅक्टरमध्ये. १ म्हणजे आतला छोटा पंखा थांबलाय. तेवढ्या पंख्यासाठी पूर्ण मॉड्यूल बदललं जातं तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं, कारण पंखा सुटा मिळतो. तीच गोष्ट कंट्रोल बोर्डावरच्या फ्यूजची. मॉड्यूलवर एकही दिवा लागत नसेल तर आधी २४ व्होल्ट येतात का आणि तो फ्यूज शाबूत आहे का, एवढं बघा.

आता निवड. नंबर वाचण्याची कला इथे कामाला येते.

फानुकच्या जुन्या अल्फा मालिकेतले दोन मॉड्यूल घ्या: ए०६बी-६०७९-एच२०८ आणि ए०६बी-६०९६-एच२०८. दोन्ही दोन अक्षांचे, दोन्ही ८० आणि ८० अँपिअरचे, काम एकच, नंबराची शेपटीही एकच. तरीही एकाच्या जागी दुसरा चालत नाही. ६०७९ ला कंट्रोलरकडून स्विचिंगचे सिग्नल तांब्याच्या केबलमधून मिळतात. ६०९६ ला सगळी आज्ञा ऑप्टिकल फायबरवरून येते. फानुक तिला एफएसएसबी म्हणतं. त्याच्या अंगावर सीओपी१०ए आणि सीओपी१०बी असे फायबरचे कनेक्टर असतात, ६०७९ वर ते नसतातच. म्हणून मधले चार आकडे शेवटच्या तीन आकड्यांइतकेच लक्ष देऊन वाचायचे. ६०७९ मध्ये आणखी एक बारकावा आहे: त्याला टाइप ए आणि टाइप बी असे दोन इंटरफेस येतात, त्यांचे कनेक्टर वेगळे आणि निवड छोट्या डिप स्विचने होते. जुन्या मॉड्यूलवर स्विच कसे आहेत त्याचा फोटो काढा आणि नव्यावर तसेच ठेवा.

सिमेन्सच्या सिमोड्राइव्ह ६११ मध्ये रचनाच वेगळी. वीज आत घेणारं मॉड्यूल ६एसएन११४५ ने सुरू होतं, पॉवर मॉड्यूल ६एसएन११२३ ने, आणि त्याच्यात सरकवायचं कंट्रोल कार्ड ६एसएन१११८ ने. दोष पॉवर मॉड्यूलमध्ये असेल तर तेवढंच बदला, जुनं कार्ड काढून नव्यात बसवा. उलट, कार्ड घेताना ते अॅनालॉग आहे की डिजिटल, आणि कोणत्या प्रकारच्या एन्कोडरसाठी आहे, हे नंबरातल्या एकेका अक्षरावर ठरतं. नंतरच्या सिनॅमिक्स एस१२० मध्ये सगळे भाग ड्राइव्ह-क्लिक नावाच्या केबलने जोडलेले असतात. तिथे नवं मॉड्यूल लावून वीज दिली की सिस्टिम त्याचं फर्मवेअर आपोआप जुळवून घेऊ शकते. त्या वेळी दिवे लुकलुकत राहतात आणि मॉड्यूल अडकल्यासारखं वाटतं. तेव्हा वीज बंद करू नका, ते काम पूर्ण होऊ द्या.

भाषेनंतर एन्कोडर. मोटरचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, या क्षणी नेमका कुठे आहे हे ड्राइव्हला एन्कोडर सांगतो, आणि सांगण्याच्या तऱ्हा अनेक: रिझॉल्व्हर, साधे चौकोनी पल्स, एक व्होल्टच्या साइन-कोसाइन लहरी, हायडेनहाइनचा एनडॅट, शिवाय प्रत्येक कंपनीचे स्वतःचे सीरियल प्रोटोकॉल. कनेक्टर सारखा दिसला म्हणून आतली बोली सारखी असेलच असं नाही.

मित्सुबिशीच्या छोट्या सर्व्होंमध्ये हा फरक आकड्यांत दिसतो. एमआर-जे२एस च्या मोटरला एका फेऱ्यात १,३१,०७२ पल्स, एमआर-जे३ ला २,६२,१४४, एमआर-जे४ ला ४१,९४,३०४. पिढी बदलली की बऱ्याचदा मोटर आणि एन्कोडर केबलही सोबत बदलावी लागते. ती बदलली आणि इलेक्ट्रॉनिक गिअर, म्हणजे आज्ञेचे पल्स मोटरच्या पल्समध्ये बदलणारं गुणोत्तर, जुनाच ठेवला तर जे२एस कडून जे३ कडे जाताना १० मिलिमीटरची आज्ञा दिल्यावर अक्ष ५ मिलिमीटरच सरकेल, कारण तेवढेच पल्स आता अर्ध्या फेऱ्याचे झालेत. शिवाय जे२एस चं नेटवर्क तांब्याच्या तारेवर चालतं आणि जे३ चं फायबरवर, म्हणजे कंट्रोलरची बाजूही अडते. "नवं मॉडेल जुन्याला पर्याय आहे" हे वाक्य ऐकलं की विचारा: मोटर तीच ठेवून? कंट्रोलर तोच ठेवून? केबल त्याच ठेवून? तिन्हींना "हो" मिळालं तरच तो पर्याय.

आता अँपिअरकडे येऊ. इथे दोन वेगळे आकडे असतात. सतत देता येणारा करंट आणि क्षणभर देता येणारा कमाल करंट. फानुकच्या नावातला ८० हा दुसरा आकडा आहे, तोही लहरीच्या शिखराचा. ८० ला १.४१४ ने भागलं की ५६ च्या आसपास आरएमएस, म्हणजे लहरीचे परिणामी, अँपिअर मिळतात, आणि ते फक्त वेग घेताना किंवा थांबताना. सतत देता येणारा करंट त्या मॉड्यूलचा १९ च्या जवळपासच असतो. दुसऱ्या कंपनीच्या नेमप्लेटवर १८ लिहिलेलं असेल आणि तो सततचा करंट असेल, तर "८० च्या जागी १८ कसा चालेल" ही भीती निराधार ठरते. उलट चूकही तितकीच घडते. आकडा कोणता आहे हे कळल्याशिवाय दोन नेमप्लेटची तुलना करू नये.

"थोडा मोठा घेऊ, जास्त टिकेल" हा विचार पंपासाठी किंवा केबलसाठी बरोबर असेल, सर्व्होसाठी तो धोकादायक आहे. फानुकसारख्या रचनेत कंट्रोलरचं करंटचं गणित अॅम्प्लिफायरच्या कमाल करंटवर बेतलेलं असतं. ४० च्या जागी ८० चा बसवला आणि पॅरामीटर तसेच ठेवले तर कंट्रोलर जेवढा करंट मागतोय असं समजतो, त्याच्या दुप्पट मोटरमध्ये जाईल. अक्ष थरथरेल, आवाज करेल. मोटरच्या रोटरवरची कायमची चुंबकं ठरावीक मर्यादेपलीकडच्या करंटने आपली ताकद गमावू शकतात, आणि ती परत येत नाही. लहान अॅम्प्लिफायर घेतला तर नुकसान तसं होत नाही, पण जोरकस कटला ओव्हरलोड येत राहतो. नेमप्लेटवर आहे तोच घ्या.

व्होल्टेजच्या वर्गाबद्दल थोडक्यात: २०० व्होल्टची मोटर ४०० व्होल्टच्या ड्राइव्हवर लावली तर वाइंडिंगच्या इन्सुलेशनवर ते झेपणार नाही असा ताण येतो, उलट केलं तर मोटर पूर्ण वेग गाठत नाही. मित्सुबिशीच्या एमडीएस-डी आणि एमडीएस-डीएच मध्ये एवढाच एका अक्षराचा फरक आहे, पहिला २०० चा, दुसरा ४०० चा.

ब्रेकिंगची ऊर्जा कुठे जाते तेही बघा. धावता अक्ष थांबवला की मोटर जनरेटर होते आणि डीसी लिंकचं व्होल्टेज चढतं. काही रचनांत ती वीज परत लाइनमध्ये जाते, काहींत रेझिस्टरमध्ये जाळली जाते. रेझिस्टर बाहेरून जोडलेला असेल तर नव्या ड्राइव्हची त्यासाठीची टर्मिनल आणि ओहम जुळले पाहिजेत.

नव्या पिढीच्या ड्राइव्हवर एक नवी गोष्ट भेटते: एसटीओ, म्हणजे मोटरचा टॉर्क खात्रीने तोडणारा सेफ्टी इनपुट. जुन्या मशीनच्या वायरिंगमध्ये तो नसतो, त्यामुळे सगळं बरोबर जोडूनही ड्राइव्ह "तयार" होत नाही आणि मालच खराब आला अशी समजूत होते. कंपन्या त्यासाठी शॉर्टिंग प्लग देतात. पण प्लग लावायच्या आधी मशीनची इमर्जन्सी स्टॉपची साखळी नेमकी काय तोडते ते समजून घ्या. शक्य असेल तर एसटीओ त्या साखळीत रीतसर जोडा. आत हात घालणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे.

नवा घ्यावा, दुरुस्त केलेला घ्यावा, की जुना देऊन बदली? मालिकेचं उत्पादन थांबलं असेल तर पहिला पर्याय बऱ्याचदा उरतच नाही. दुरुस्त मालाला माझा विरोध नाही, मात्र दोन प्रश्नांची उत्तरं लेखी हवीत. तपासणी कशी केली: नुसती वीज देऊन, की खऱ्या मोटरवर, लोड देऊन? आणि कपॅसिटर व पंखे बदलले का? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमानावर अवलंबून असतं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंश सेल्सियसने वाढलं की आयुष्य निम्मं होतं. पंधरा वर्षं गरम पॅनलमध्ये काढलेल्या मॉड्यूलचे फक्त आयजीबीटी बदलले असतील तर पुढचा बिघाड आत बसलेलाच आहे.

सीलबंद जुना साठा मिळाला तर आनंद होतो, पण तिथेही कपॅसिटरच आड येतो. वर्षानुवर्षं वीज न मिळाल्याने त्याच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर झिजतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर तो फुटू शकतो. दोन वर्षांहून अधिक काळ पडून असलेलं मॉड्यूल आधी मर्यादित करंटने हळूहळू चढवून घ्यायचं असतं, याला कपॅसिटर फॉर्मिंग म्हणतात. उत्पादकाच्या पुस्तकात त्याची पद्धत असते. कपाटात ठेवलेल्या तुमच्या स्वतःच्या स्पेअरलाही हेच लागू आहे.

बसवण्याआधी बॅकअप. कंट्रोलरचे पॅरामीटर कार्डवर घ्या, हुशार ड्राइव्ह असेल तर त्याचेही. ड्राइव्ह मेला असला तरी कंट्रोल पॉवर देऊन मेमरी वाचता येते का ते बघा. अॅनालॉग असेल तर प्रत्येक पॉटची आणि जंपरची जागा टिपून ठेवा. आणखी एक, हे विसरल्यावर दिवस वाया जातो: अॅब्सोल्यूट एन्कोडरची, म्हणजे वीज गेली तरी जागा लक्षात ठेवणाऱ्या एन्कोडरची, बॅटरी पुष्कळ मशीनमध्ये अॅम्प्लिफायरवरच बसवलेली असते. ती सुटली की अक्ष आपला झिरो विसरतो. म्हणून काढण्याआधी प्रत्येक अक्ष खुणेच्या जागी नेऊन ठेवावा, खूण नसेल तर स्लाइडवर करून घ्यावी. झिरो परत लावताना बॉलस्क्रूचा एक पूर्ण फेरा चुकला तर टूल चेंजर आणि स्पिंडल एकमेकांना धडकतात.

मेन स्विच बंद केल्यावर लगेच हात घालू नका. डीसी लिंक भरलेली असते. चार्जचा दिवा विझेपर्यंत आणि लेबलवर दिलेली मिनिटं होईपर्यंत थांबा, काही मॉड्यूलवर ती २० असतात, आणि मग मीटरने मोजूनच स्क्रू सोडवा. उभा अक्ष असेल तर त्याच्याखाली भक्कम ठोकळा द्या. ब्रेक जुना असतो आणि स्पिंडलहेड जड.

सुरुवात अशी करा: आधी फक्त कंट्रोल पॉवर. अलार्म जाऊ द्या, स्क्रीनवर मोटर ओळखली गेली का पाहा. इमर्जन्सी स्टॉप दाबलेल्या अवस्थेत, शक्य असेल तिथे अक्ष हाताने थोडा हलवून स्क्रीनवरचा आकडा योग्य दिशेला जातो का बघा. अॅनालॉग ड्राइव्हला टॅकोच्या वायरी उलट लागल्या तर अक्ष पहिल्याच क्षणी सुसाट धावतो, म्हणून तेव्हा एक हात स्टॉपच्या बटणावर हवाच. मग फीड ओव्हरराइड, म्हणजे अक्षाचा वेग कमी-जास्त करणारं बटण, सगळ्यात खाली ठेवून, मोकळ्या जागेत, दोन्ही दिशांना काही मिलिमीटर. लोड मीटर दोन्ही बाजूंना सारखाच दाखवत असेल आणि थांबल्यावर अक्ष शांत उभा राहत असेल तर हळूहळू वेग वाढवा. अक्षाचा झिरो डायल गेज लावून तपासा. पहिला तुकडा मोजून झाल्यावर पॅरामीटरचा पुन्हा एक बॅकअप घ्या आणि नव्या मॉड्यूलचा पूर्ण नंबर, आधीचा नंबर आणि तारीख पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.